जखमी पिचर घ्यावा, ठेवावा की सोडावा? फॅन्टसी बेसबॉलमधले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मेजर लीग बेसबॉलच्या पूर्ण हंगामाच्या फॅन्टसी लीग खेळणाऱ्यांसाठी आहे. एका सामन्यापुरता संघ लावणाऱ्या फॅन्टसी क्रिकेटमध्ये जखमी गोलंदाज म्हणजे फक्त त्या दिवशी न निवडायचा खेळाडू. इथे मात्र तो चार-पाच महिने तुमच्या यादीत जागा अडवून बसतो, म्हणून हिशोब वेगळा करावा लागतो. बेसबॉलचे प्राथमिक नियम आणि ईआरए, व्हिप हे आकडे माहीत आहेत असं धरून पुढे लिहिलं आहे.

दुखापतीची बातमी आली की सगळ्यात आधी काय पाहायचं?

तीन गोष्टी, याच क्रमाने. अवयव कोणता, ग्रेड कोणता आणि पुढची पायरी काय जाहीर झाली आहे. पायापेक्षा कोपर वाईट आणि कोपरापेक्षा खांदा वाईट, हा ढोबळ क्रम बहुतेक वेळा खरा ठरतो. ग्रेड १ म्हणजे स्नायू किंवा अस्थिबंध ताणला गेला, ग्रेड २ म्हणजे अर्धवट फाटला, ग्रेड ३ म्हणजे पूर्ण तुटला. पुढची पायरी 'दोन दिवसांनी पुन्हा चेंडू टाकून बघेल' अशी असेल तर शांत राहा. 'एमआरआय होणार' असेल तर बदली शोधायला लागा. 'डॉ. कीथ माइस्टर किंवा डॉ. नील एलाट्राश यांचं दुसरं मत घेणार' असं आलं, तर शस्त्रक्रियेची शक्यता गृहीत धरूनच चाला. हे दोघे कोपराच्या शस्त्रक्रियांसाठी ओळखले जातात. साध्या आखडलेपणासाठी कोणी त्यांच्यापर्यंत जात नाही.

मॅनेजर पत्रकारांना काय म्हणाला याला फार किंमत देऊ नका. 'आम्ही फक्त काळजी घेतोय' हे वाक्य खऱ्या काळजीतही वापरतात आणि वेळ मारून नेण्यासाठीही.

१५ दिवसांच्या इंज्युर्ड लिस्टवर टाकलं म्हणजे १५ दिवसांत परत येईल का?

नाही. १५ हा किमान आकडा आहे, अंदाज नव्हे. २०२२ पासून पिचरसाठी किमान मुदत १५ दिवसांची आहे, फलंदाजांसाठी १०. नोंद जास्तीत जास्त तीन दिवस मागच्या तारखेने करता येते. त्यामुळे किरकोळ दुखण्यात पिचरच्या दोनच पाळ्या चुकतात, आणि एखाद्या थकलेल्या पिचरला विश्रांती द्यायलाही संघ ही यादी वापरतात.

६० दिवसांच्या यादीत हलवलं म्हणून दुखापत चिघळली असं समजू नका. त्या यादीतला खेळाडू संघाच्या ४० जणांच्या रोस्टरमध्ये मोजला जात नाही, त्यामुळे नवा माणूस घ्यायला जागा होते. बरेचदा कारण एवढंच असतं. शिवाय ते ६० दिवस पहिल्यांदा यादीत गेल्याच्या तारखेपासून मोजतात. ४० दिवस आधीच बाहेर असलेल्या पिचरला ६० च्या यादीत टाकलं, तर त्याला आणखी २० दिवसच थांबावं लागतं. अशा बातमीने घाबरून कोणी त्याला सोडलं, तर उचलायची संधी तीच.

'फोरआर्म टाइटनेस' एवढीच बातमी आहे. घाबरायचं का?

हो, थोडं. फोरआर्म म्हणजे कोपर ते मनगटाचा भाग, आणि टाइटनेस म्हणजे तो आखडणं. क्रिकेटच्या गोलंदाजाचा हात जवळजवळ सरळ ठेवण्याचं बंधन असल्याने ताण कंबरेवर येतो. जसप्रीत बुमराहची पाठ २०२३ च्या मार्चमध्ये शस्त्रक्रियेपर्यंत गेली ती याच जातीची दुखापत. पिचरचं उलट आहे. कोपर वाकलेलं, दंड मागे पिळलेला, आणि तिथून पुढे येताना कोपराच्या आतल्या बाजूला प्रचंड ओढ बसते. ती ओढ अल्नर कोलॅटरल लिगामेंट, म्हणजे यूसीएल, आणि त्यावरून जाणारे फ्लेक्सर स्नायू मिळून झेलतात. फ्लेक्सर थकला की भार यूसीएलवर येतो. उलट यूसीएल सैल झालं असेल, तर फ्लेक्सर जास्त काम करून आखडतो. म्हणजे पुढच्या हाताचं दुखणं हा आजार नसून लक्षण असू शकतं.

एमआरआयमध्ये यूसीएल शाबूत आणि फ्लेक्सर ग्रेड १ असेल, तर साधारण सहा ते आठ आठवडे धरा. अहवालात यूसीएलचा उल्लेखच टाळला असेल, तर त्या गप्प बसण्याचीही नोंद घ्या.

अर्धवट फाटलेलं यूसीएल शस्त्रक्रियेशिवाय बरं होतं का?

कधी होतं, कधी नाही, आणि त्यावर पैज लावू नये. मासाहिरो तानाकाच्या यूसीएलमध्ये २०१४ मध्ये छोटी फाट निघाली. त्याने पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं) इंजेक्शन घेतलं, त्याच सप्टेंबरात परतला आणि २०२० पर्यंत शस्त्रक्रियेविना यांकीजसाठी खेळला. शोहेई ओहतानीने २०१८ च्या जूनमध्ये हाच मार्ग धरला, सप्टेंबरमध्ये एकदा पिचिंग केलं आणि ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेला.

पीआरपीनंतर साधारण चार ते सहा आठवडे चेंडूला हात लावायचा नसतो, मग पुन्हा तपासणी. म्हणजे यश आलं तरी दोन-तीन महिने गेले, आणि अपयश आलं तर पुढचाही हंगाम धोक्यात. फक्त याच वर्षासाठी खेळत असाल, तर पीआरपीची बातमी आली त्या दिवशीच त्याला विकायचा प्रयत्न करा. 'शस्त्रक्रिया टळली' या मथळ्यावर समोरचा खूश असतो.

टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर नेमके किती महिने?

या शस्त्रक्रियेत फाटलेल्या यूसीएलच्या जागी टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) बसवतात. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी टॉमी जॉन या पिचरवर ती पहिल्यांदा केली. तो १९७६ मध्ये परतला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला. आज सुरुवातीच्या पिचरसाठी १४ ते १८ महिने धरणं शहाणपणाचं. 'वर्षभरात परत' हा आशावादी आकडा आहे. तो रिलीव्हरला (सामन्यात मधून येऊन थोडे चेंडू टाकणाऱ्याला) थोडाफार लागू पडतो.

तारखेपेक्षा शस्त्रक्रियेचा महिना बघा. मार्च-एप्रिलमध्ये झाली तर तो हंगाम गेला, आणि पुढच्या हंगामाचा मधला किंवा शेवटचा भाग मिळतो. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये झाली तर पुढचा हंगाम जवळजवळ पूर्ण गेला, पण त्याच्या पुढच्या वर्षी तो सरावशिबिराला इतरांबरोबर सुरू करतो. हा दुसरा प्रकार ड्राफ्टमध्ये (हंगामाआधीच्या खेळाडू निवडीत) जास्त उपयोगी.

इंटर्नल ब्रेस म्हणजे मूळ अस्थिबंध शिवून त्याला मजबूत फितीचा आधार देणं. नुसती ही दुरुस्ती असेल तर १० ते १२ महिन्यांत परतणं शक्य असतं. मात्र हल्ली पुष्कळदा नवा टेंडन आणि ब्रेस दोन्ही एकत्र घालतात, आणि मग वेळ पूर्ण टॉमी जॉनएवढाच लागतो. बातमीत 'ब्रेस' शब्द दिसला म्हणून लगेच चार महिने वजा करू नका.

परतल्यावर तो पहिल्यासारखाच असतो का?

पहिल्या काही महिन्यांत बहुतेकदा नाही, आणि फॅन्टसीवाल्यांचे सर्वाधिक पैसे इथेच बुडतात. वेग आधी परततो, चेंडू हव्या त्या जागी टाकण्याची हुकमत सगळ्यात शेवटी.

सँडी अल्कांटाराचं उदाहरण घ्या. २०२२ चा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराचा, विजेता. ऑक्टोबर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया, २०२४ पूर्ण बाहेर, आणि २०२५ च्या पहिल्या दिवसापासून मैदानात. जवळपास १८ महिने मिळाले होते आणि वेगही शाबूत होता. तरी ऑल-स्टार विश्रांतीपर्यंत ईआरए ७ च्या वर होता. नंतर सावरूनही वर्ष ५.३६ वर संपलं. स्पेन्सर स्ट्रायडरचं गणित दुसऱ्या बाजूने चुकलं. २०२३ मध्ये २८१ स्ट्राइकआउट, एप्रिल २०२४ मध्ये इंटर्नल ब्रेस, वर्षभरात परत. पण ताशी ९७ मैलांचा, म्हणजे १५६ किलोमीटरचा फास्टबॉल दीड-दोन मैलांनी उतरला होता. त्याच्याकडे मुळात दोनच मुख्य चेंडू, त्यामुळे एवढी घटही महाग पडली आणि ईआरए ४.४५ राहिला.

दुसऱ्या टोकाला जस्टिन व्हरलँडर. सप्टेंबर २०२० मध्ये शस्त्रक्रिया, २०२१ पूर्ण विश्रांती, आणि २०२२ मध्ये ३९ व्या वर्षी १८ विजय, ४ पराभव, ईआरए १.७५. जेकब डीग्रॉमची जून २०२३ मधली शस्त्रक्रिया तर दुसऱ्यांदाची होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तो फक्त तीन सामने खेळला आणि २०२५ मध्ये १७२ हून जास्त इनिंग्ज टाकून ईआरए २.९७ ठेवला. परतल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण हिवाळ्याचा फायदा मोठा असतो. म्हणून आमचा कल असा, की परतीच्या वर्षी हात आखडता घ्यायचा आणि त्याच्या पुढच्या वर्षी बाजारभावापेक्षा एखादी फेरी आधी उचलायचा.

दुसऱ्यांदा टॉमी जॉन झालेल्यांचं काय?

डीग्रॉमकडे पाहून मनातले मांडे खाऊ नका. वॉकर ब्यूलर दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर २०२४ मध्ये परतला आणि नियमित हंगामात १-६, ईआरए ५.३८ अशी त्याची अवस्था झाली. त्याच वर्षी त्याने वर्ल्ड सीरिजचा शेवटचा सामना संपवला खरा, पण त्याचे गुण फॅन्टसीत मिळत नाहीत. शेन मॅक्लानाहनची दुसरी शस्त्रक्रिया ऑगस्ट २०२३ मध्ये झाली. २०२५ च्या सरावात तो तयार दिसत असतानाच दंडामागच्या ट्रायसेप्सजवळच्या नसेने दगा दिला आणि ते वर्षही गेलं. नस (नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू) हा शब्द बातमीत आला की सगळे अंदाज बाजूला ठेवा. स्नायूचं वेळापत्रक असतं, नसेचं नसतं.

खांदा कोपरापेक्षा वाईट का?

कोपराच्या दुखापतीत एक ठरावीक भाग बदलता येतो. खांदा हा शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा. लॅब्रम (कूर्चेची कडा), कॅप्सूल (सांध्याचं आवरण) आणि रोटेटर कफ (भोवतीचे स्नायू) मिळून त्याला जागेवर धरतात, आणि एक शिवला की दुसऱ्यावर ताण येतो. कॅप्सूल फार घट्ट शिवलं तर हात पुरेसा मागे जात नाही आणि वेग हरवतो. सैल राहिलं तर पुन्हा फाटतं.

योहान सांताना २०१० मध्ये कॅप्सूलची शस्त्रक्रिया करून २०१२ मध्ये परतला, १ जूनला १३४ चेंडू टाकून नो-हिटर साधला. २०१३ मध्ये तेच कॅप्सूल पुन्हा फाटलं आणि तो मेजर लीगमध्ये परत दिसला नाही. ह्युन-जिन र्यूने लॅब्रमनंतर जवळपास दोन वर्षं घालवली, पण २०१९ मध्ये २.३२ हा मेजर लीगमधला सर्वोत्तम ईआरए त्याचा होता. ब्रँडन वूडरफने ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅप्सूल शिवून घेतलं, जुलै २०२५ मध्ये परतला, वेग दोन-तीन मैलांनी कमी असूनही १२ सामन्यांत ईआरए ३.२० ठेवला आणि सप्टेंबरमध्ये पाठीच्या लॅट स्नायूने पुन्हा बाहेर गेला. या तिघांमधून फॅन्टसीसाठी घ्यायची गोष्ट अशी: नुसत्या वेगावर जगणारा पिचर खांद्यानंतर टाळा. चार-पाच प्रकारचे चेंडू आणि चांगली हुकमत असलेल्यावर मात्र शेवटच्या फेऱ्यांत डाव लावता येतो.

'खांद्यात इन्फ्लमेशन, रचनात्मक बिघाड नाही' असा अहवाल असेल तर चार ते सहा आठवडे धरून ठेवायला हरकत नाही.

थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम हे काय प्रकरण आहे?

मानेकडून हाताकडे जाणाऱ्या नसा किंवा रक्तवाहिन्या गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये दाबल्या जातात. बोटांना मुंग्या येतात, पकड सुटते. शस्त्रक्रियेत बहुधा ती बरगडीच काढतात. स्टीफन स्ट्रासबर्गने सात वर्षांचा २४.५ कोटी डॉलरचा करार केला आणि या दुखण्यापायी त्या करारात फक्त आठ सामने, ३१ इनिंग्जच्या आसपास टाकू शकला. मेरिल केली २०२० च्या शस्त्रक्रियेनंतर व्यवस्थित परतला आणि २०२२ मध्ये २०० इनिंग्ज पार करून गेला, पण तो अपवाद मानूनच चाला. निदान पक्कं झालं तर एका हंगामाच्या लीगमध्ये नावावर पाणी सोडा.

बाकीच्या दुखापतींना किती दिवस धरायचे?

पोटाच्या बाजूचा ऑब्लिक: ग्रेड १ ला तीन-चार आठवडे, ग्रेड २ ला सहा ते आठ. घाईत परतला तर हटकून पुन्हा दुखावतो. लॅट किंवा टेरेस मेजर: ग्रेड २ असेल तर दोन ते तीन महिने, आणि लोक नेहमी याला कमी लेखतात. हॅमस्ट्रिंग, घोटा: दोन ते पाच आठवडे, पण टेकडीवर (पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर) जोर देणारा पाय असेल तर थोडे जास्त. बोटावरचा फोड किरकोळ वाटतो, परंतु कर्व्हबॉलवर अवलंबून असलेल्या पिचरला तो हंगामभर छळतो.

परतीची तारीख स्वतः कशी काढायची?

संघ तारीख देतो ती विसरा, शिडी मोजा. सपाट जमिनीवर हलके फेकणं, मग ६० फुटांपासून १२०-१५० फुटांपर्यंत लांब फेक: १४ ते २१ दिवस. टेकडीवरून तीन-चार बुलपेन (सराव) सत्रं, आधी फक्त फास्टबॉल, मग वळणारे चेंडू: १० दिवस. फलंदाजांसमोर दोन सत्रं: ७ ते १० दिवस. मायनर लीगमध्ये तीन-चार रिहॅब सामने, पाच दिवसांच्या अंतराने, साधारण ३०, ४५, ६०, ७५ चेंडू: १५ ते २० दिवस. बेरीज ४६ ते ६१ दिवस. म्हणजे १ मे रोजी पहिल्यांदा चेंडू हातात घेतला, तर १६ जून ते १ जुलै. 'मेअखेर परत' असं कोणी लिहिलं असेल, तर त्याने यातली कोणती पायरी गाळली ते शोधा.

एखाद्या पायरीवर तो थांबला, तर अडलेले दिवस आणि जवळपास तितकेच पुन्हा बांधणीचे दिवस जोडा. रिलीव्हरला ७५ चेंडूंपर्यंत जायचं नसतं, म्हणून त्याच्या शेवटच्या पायरीतून दोन आठवडे कापता येतात.

रिहॅब सामन्यांत काय पाहायचं?

ईआरए अजिबात नाही. तो कदाचित फक्त चेंजअपचा सराव करत असेल. पाहायचं ते असं: फास्टबॉलचा सरासरी वेग जुन्या सरासरीच्या एक मैलाच्या आत आहे का, तिसऱ्या-चौथ्या इनिंगमध्ये तो दोन मैलांनी घसरतो का, हात सुटण्याची उंची आधीसारखी आहे का, स्लायडर पूर्वीच्या प्रमाणात टाकतोय का. स्लायडर टाळणं हे कोपराबद्दलच्या अविश्वासाचं लक्षण. ट्रिपल-ए आणि फ्लोरिडा स्टेट लीगच्या सामन्यांचे हे आकडे बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर फुकट मिळतात. इतर मैदानांतल्या फलकावरचा वेग एक-दोन मैल फुगलेला असू शकतो.

पिचरला रिहॅबसाठी कमाल ३० दिवस मिळतात; टॉमी जॉननंतर मुदत वाढवता येते. मुदत संपत आली आणि संघाच्या रोटेशनमध्ये जागा नसली, तर मायनर लीगमध्ये पाठवण्याचे पर्याय (ऑप्शन्स) शिल्लक असलेल्या तरुण पिचरला यादीतून काढून थेट मायनर लीगमध्ये पाठवतात. मग तुमचा आयएल स्लॉटही (जखमी खेळाडूंसाठीची वेगळी जागा) जातो आणि इनिंग्जही मिळत नाहीत.

ड्राफ्टमध्ये त्याची किंमत किती धरायची?

एकट्याची नव्हे, जोडीची किंमत काढा. समजा तो १ जुलैला परतणार. उरलेल्या १३ आठवड्यांत साधारण १५ सामने, त्यातून विलंबासाठी दोन वजा, राहिले १३. पहिले दोन चार-चार इनिंग्जचे, बाकीचे ११ सरासरी ५.३ चे: सुमारे ६६ इनिंग्ज, ईआरए ३.३० धरू. तोवर वेव्हरवरचा (कोणाच्याही संघात नसलेला) पिचर ७५ इनिंग्ज टाकेल, ईआरए ४.२०. एकत्र १४१ इनिंग्ज, ईआरए ३.७८. म्हणजे मधल्या फेऱ्यांतला एक निरोगी पिचर, तोही २०-२५ इनिंग्ज कमी. आता परतलेल्याचा ईआरए ३.३० ऐवजी ४.०० धरून बघा: जोडी ४.११ वर जाते. या दोन आकड्यांच्या मधली किंमत द्या, पहिल्या आकड्याची नको.

पहिल्या दोन सामन्यांत त्याला शक्यतो बाकावरच ठेवा. ७५ चेंडूंत पाच इनिंग्ज बहुतेकदा पूर्ण होत नाहीत आणि त्याशिवाय सुरुवातीच्या पिचरला विजय मिळत नाही; सहा इनिंग्जच्या क्वालिटी स्टार्टचा तर प्रश्नच नाही.

आयएल स्लॉट नसतील तर?

तर वरचं गणित निम्मं कोसळतं. एनएफबीसीच्या (नॅशनल फॅन्टसी बेसबॉल चॅम्पियनशिप) मुख्य स्पर्धेत सात जागांचा बाक असतो आणि वेगळा आयएल स्लॉट नसतो. तिथे तीन महिन्यांचा जखमी पिचर बाकाची एक सप्तमांश जागा खातो, आणि दर आठवड्याला दोन सामने मिळणारा पिचर आलटून पालटून आणण्याची तुमची ताकद तेवढी घटते. अशा लीगमध्ये सहा आठवड्यांपेक्षा जास्त कोणासाठीही थांबू नका. दोन-तीन आयएल स्लॉट असतील तर मात्र ड्राफ्टच्या शेवटच्या फेरीत जखमी पिचर घेऊन लगेच स्लॉटमध्ये टाकणं आणि मोकळ्या जागी दुसरा उचलणं ही फुकटची कमाई आहे.

क्लोजरसाठी नियम वेगळे का?

क्लोजर म्हणजे आघाडी राखायला शेवटची इनिंग टाकणारा. त्याचं शरीर लवकर तयार होतं, जागा लवकर मिळत नाही. एडविन डियाझ २०२३ च्या मार्चमध्ये विजयोत्सवात गुडघ्याचा टेंडन फाटून अख्खा हंगाम मुकला. २०२४ मध्ये परतल्यावर मे महिन्यात काही काळ शेवटची इनिंग त्याच्याकडून काढून घेतली गेली. वर्षाअखेर २० सेव्ह. परतलेला क्लोजर सलग दोन दिवस टाकतो का, ते बघा. तोपर्यंत त्याच्या जागी उभा असलेला माणूस सोडू नका.

सप्टेंबरमध्ये त्याला बसवतील का?

हेड-टू-हेड, म्हणजे दर आठवड्याला एका प्रतिस्पर्ध्याशी झुंजायच्या, लीगची बाद फेरी सप्टेंबरमध्येच असते, म्हणून हा प्रश्न जूनमध्येच विचारायचा. २०१२ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स अव्वल स्थानावर असतानाही त्यांनी टॉमी जॉनमधून परतलेल्या स्ट्रासबर्गला ७ सप्टेंबरनंतर थांबवलं. तोवर १५९ इनिंग्ज झाल्या होत्या. आता इतका ठळक थांबा कमी दिसतो. त्याऐवजी सहा जणांचं रोटेशन, वगळलेली पाळी किंवा 'थकव्यासाठी' १५ दिवस. स्पर्धेतून बाद झालेल्या संघाचा परतलेला पिचर ऑगस्टच्या मध्यात, लीगची व्यापारमुदत संपण्याआधी विकून टाका.

भारतात राहून खेळताना बातम्या गाठायच्या कशा?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा उन्हाळ्यातला संध्याकाळी ७.०५ चा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ४.३५ ला सुरू होतो. साप्ताहिक संघ सोमवारच्या पहिल्या सामन्याला बंद होत असेल, तर भारतातल्या सोमवारी रात्री झोपण्यापूर्वी शेवटचा बदल करा आणि शंका असलेला पिचर बाहेर ठेवा. रिहॅबचे आकडे सकाळी चहाच्या वेळेपर्यंत बहुतेक आलेले असतात; वेव्हरची बोली त्या दिवशीच लावा. १०० डॉलरच्या बजेटमध्ये दुसऱ्या रिहॅब सामन्यानंतर जो ५ ते ८ डॉलरला मिळतो, तोच परतीची तारीख जाहीर झाल्यावर दुप्पट-तिप्पट मागतो.

कीपर किंवा डायनॅस्टी लीगमध्ये काय बदलतं?

तिथे खेळाडू पुढच्या वर्षीही ठेवता येतात, म्हणून वेळ तुमच्या बाजूने असते. २७ वर्षांखालचा, पहिलीच टॉमी जॉन झालेला, खांदा निरोगी असलेला पिचर शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यात विकत घ्या. मालक सर्वात वैतागलेला तेव्हाच असतो. ख्रिस सेलची टॉमी जॉन मार्च २०२० मध्ये झाली, त्यानंतर बरगडी, बोट, मनगट असं एकेक मोडत गेलं, आणि २०२४ मध्ये त्याने १८ विजय, २.३८ ईआरए आणि २२५ स्ट्राइकआउटसह साय यंग मिळवला. चार वर्षं थांबण्याची तयारी ज्यांच्याकडे होती त्यांनाच तो लाभला. बाकीच्यांनी केव्हाच सोडला होता. ३२ च्या पुढचा पिचर असेल आणि दुखणं खांद्याचं असेल, तर त्याच्या बदल्यात दुसऱ्या फेरीचा ड्राफ्ट हक्क मिळाला तरी घ्या.